कुत्रं न फिरकणारी खानावळ

"पुन्हा बदामाचा शिरा!" राजा दुर्जयसिंह कडाडला आणि त्यानं समोरचं पान ढकलून दिलं. "कोकणात आलोय मी! आणि पाच दिवस माझ्यापुढं राजधानीतलाच शिरा येतोय!"

राजा हवापालटासाठी वेळेश्वर गावी उतरला होता. मोठी माणसं परगावी गेली की करतात काय? घरी जे खातात तेच चौपट दाम देऊन खातात आणि वर चार मुलूख पाहिल्याच्या गप्पा मारतात! राजाचा मुक्काम होता 'भोजनमहाल' नावाच्या खानावळीत. दारात चौघडा, भिंतीवर आरसे आणि भात रोज कच्चा. मालक राजधानीतून आलेला, प्रधान अंबाजीपंतांचा सख्खा मेव्हणा.

"महाराज," अंबाजीपंत हात चोळत म्हणाले, "या गावात याखेरीज खाण्याजोगं आहेच काय? बाकी सगळ्या झोपड्या! तिथं आपल्या घोड्यानंसुद्धा तोंड घालू नये."

राजाबरोबर राजधानीतून आलेली, उष्टी पानं उचलणारी कोंडाबाई फिसकन हसली.

"कोण हसलं?" राजानं विचारलं.

"मी, सरकार. घोडं शहाणं असतंय. ते आधी वास घेतंय, मग तोंड घालतंय!"

न हुंगता पाच दिवस जेवणाऱ्या राजाचे कान लाल झाले.

"एवढी शहाणी आहेस? मग उद्या दुपारपर्यंत मला खानावळ शोधून दे! मालक याच गावचा हवा. जेवण माझ्या साध्या शिपायाला परवडणारं हवं. आणि मी आपण होऊन पुन्हा भात मागितला पाहिजे!"

"पण कुणाला विचारायचं नाही हं," अंबाजीपंत लगबगीनं म्हणाले. "गावोगावचे लोक आपल्याच नातेवाइकाच्या दारात नेऊन उभं करतात." हे बोलताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही! "आणि एक घासही चाखायचा नाही. चाखून काय, कुणीही सांगेल."

"ठरलं," राजा म्हणाला. "जमलं नाही, तर तुझी चाकरी गेली!"

कोंडाबाईच्या चाकरीवर घरी चार माणसं जेवत होती. पण ती एवढंच म्हणाली, "जी सरकार."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती निघाली. तिनं कुणाशी बोलू नये म्हणून पंतांनी एक शिपाई मागं लावला होता. दुपारी ती परतली आणि राजाला थेट गाडीतळामागच्या एका कौलारू पडवीत घेऊन गेली. ही येसूबाईची खानावळ. चौघडा नाही, आरसा नाही. सारवलेली जमीन, बसायला पाट.

"शी!" पंतांनी नाकाला उपरणं लावलं. "महाराज, ही बाई सकाळभर गावातले उकिरडे बघत फिरली! शिपाई साक्षीला आहे. आणि शोधून शोधून जागा कुठली शोधली? जिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही!"

खरंच, त्या गल्लीत एक कुत्रं दिसत नव्हतं. राजाच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"कोंडे, काय म्हणणं आहे तुझं?"

"आधी जेवा, सरकार. मग बोलते."

"बसा, म्हाराजानू!" येसूबाईनं केळीचं पान मांडलं. "हय सगळ्यांका एकच पंगत!"

वाफाळता भात आला, काळ्या वाटाण्याची आमटी आली, फणसाची भाजी आली, वाटीत सोलकढी आली. राजानं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग बोलणंच बंद केलं. त्यानं पुन्हा भात मागितला. मग तिसऱ्यांदा मागितला! शेजारी बसलेला गाडीवान राजाकडं कौतुकानं बघत होता.

"आता बोल," राजा बोटं चाटत म्हणाला. "जेवण स्वस्त आहे हे कसं कळलं?"

"दारातल्या चपलांवरून, सरकार. सगळ्या झिजलेल्या, चिखलानं भरलेल्या. घाम गाळणारा माणूस महागाच्या दारात चपला काढत नाही."

"आणि मालकीण इथलीच, हे?"

"सकाळी चूल पेटली आणि पहिलं पान गावदेवीला गेलं. येसूबाई ते घेऊन थेट देवळाच्या पायरीपर्यंत गेली. गुरवानं नावगाव न विचारता हातातलं पान घेतलं. परक्याला कोण तसं येऊ देतंय? भोजनमहालातलं पहिलं पान कुठं जातंय, ते पंतांना विचारा!"

पंतांना एकदम ठसका लागला.

"बरं, पण चव?" राजानं विचारलं. "घास तर तू घेतला नाहीस!"

"कुत्र्यांवरून, सरकार! पंत खरंच बोलले, इथं कुत्रं फिरकत नाही. कशाला फिरकेल? मी इथल्या उकिरड्यावर टाकलेली पानं बघितली. पुसून ठेवल्यासारखी! भोजनमहालामागं मात्र अकरा कुत्री बसलेली असतात, आणि इतकी माजलीत की चोर आला तरी उठायची नाहीत. तुमचा पाच दिवसांचा शिरा त्यांनीच खाल्ला!" तिनं राजाचं पान उचलून सगळ्यांना दाखवलं. हिरवंगार, स्वच्छ! "आता हे पान कुठल्या कुत्र्यापुढं टाकू, तेवढं पंतांनी सांगावं!"

राजा हसायला लागला. इतका हसला की पाटावरून घसरला. त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून कोंडाबाईच्या हातावर ठेवलं आणि तिला राजवाड्याच्या मुदपाकखान्याची मुखत्यार नेमलं. येसूबाईच्या पंगतीला उरलेले चार दिवस आपण आणि सगळे शिपाई बसणार, हेही सांगून टाकलं.

"आणि मी, महाराज?" पंतांनी हळूच विचारलं.

"तुम्ही मेव्हण्याकडंच जेवा, पंत. तिथली आमच्या वाटची सगळी पानं तुमची! पण पानात शीत उरता कामा नये. कोंडाबाई येऊन बघेल!"

भोजनमहालामागची अकरा कुत्री चार दिवस उपाशी राहिली.