मिटलेली शिंपली

एका जंगलात जनावरांनी चक्क एक शहर वसवलं होतं. तिथे सशांची तीन मजली बिळं होती. खोटं वाटत असेल तर वरच्या मजल्यावरच्या सशाला विचारा. या शहराला तळ्यातून पाटाने पाणी येई, आणि पाटाच्या तोंडाशी एक शिंपली राखणीला बसे. ती उघडी असली की पाणी चांगलं. मिटली की रेड्याने फळी पाडून पाट बंद करायचा, अशी रीत. शहराचा नवा कारभारी होता एक कोल्हा. बोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे न बोलणाऱ्यांची त्याला कीव येई.

सिंहाच्या छाव्याचं बारसं होतं, आणि नेमकी त्याच सकाळी शिंपली घट्ट मिटली. रेड्याने फळी पाडली. कोल्हा तणतणत आला. "काय गं ए, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? पाणी वाईट असेल तर तसं सांग!" शिंपली गप्प. "बघितलंत रेडेबुवा? तिची हरकत नाही. मौन म्हणजे संमती!"

"पण कारभारी, ती मिटलीय की हो."

"डुलकी लागली असेल! पाहुणे तहानलेले ठेवले तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

मानाचा पहिला घोट कारभाऱ्याचा. कोल्ह्याने ऐटीत तळ्याला तोंड लावलं. आळशी पाणमांजरांनी मासे गुंगवायला वरच्या अंगाला विषारी साल कुटून टाकली होती, हे त्याला काय ठाऊक! बघता बघता जीभ सुजून लाकूड झाली. "उचलू का फळी?" रेड्याने विचारलं. 'नको!' असं ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. "गप्प आहात, म्हणजे संमती," म्हणत रेड्याने फळीखाली शिंगं घातली. खाली कोरड्या पाटात छावा जीभ काढून वाट पाहत होता. कोल्ह्याने फळीवर अंग झोकलं, पाय पोटाशी घेतले, डोळे आणि तोंड गच्च मिटलं आणि पडून राहिला.

रेड्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा शिंपलीकडे. "अरेच्चा! हेही मिटले!" आणि त्याने हळूच शिंगं काढून घेतली.

बारसं काकड्या-कलिंगडांवर उरकलं. कोल्हा वाचला; मात्र बरेच दिवस त्याला बोलता आलं नाही, आणि तेवढे दिवस शहराचा कारभार फार छान चालला, असं ससे सांगतात.

तात्पर्य : ज्याला राखणीला बसवलं, त्याची भाषा आधी शिकावी, गप्प राहणारा दर वेळी होकारच देत असतो असं नाही.