मांडवात न आलेलं छप्पर

राजे घोड्यावरून आणि प्रजा पायी फिरायची, त्या काळातली ही गोष्ट. एका घाटात थंडीनं वाटसरू गारठून मरत, म्हणून राजानं तिथं धर्मशाळा बांधायला काढली.

तिथल्या कारागिरांची एक रीत होती. इमारतीचा लाकडी नमुना आधी कामाशेजारी घातलेल्या मांडवात ठेवायचा. त्याच्या भिंती, खांब, छप्पर सगळं सुटं निघायचं. कुणी आपल्या भागात बदल केला, की नवा तुकडा नमुन्यात बसवून सगळ्यांना दाखवायचा, मगच खऱ्या कामाला हात लावायचा.

छप्पर होतं रखमाजी सुताराकडे आणि भिंती त्याच्या जावयाकडे, हैबती गवंड्याकडे. रखमाजीच्या हातात कला होती, पण डोक्यात हवा त्याहून जास्त. नमुन्यातलं साधं छप्पर त्याला खुपायला लागलं. त्यानं घरीच दुसरा नमुना कोरला, जाडजूड सागाचा, नक्षीनं भरलेला. मांडवात नेला तर दहा जण दहा खुसपटं काढणार! त्यापेक्षा राजासमोरच छप्पर चढवावं, सगळ्यांनी तोंडात बोटं घालावीत, असं त्याच्या मनानं घेतलं. मांडवात जुनाच नमुना राहिला.

हैबतीला याची कुणकुण लागली. सासऱ्यापुढं बोलायचं म्हणजे अवघडच, तरी तो गेला.

"मामा, छप्पर जड करणार असाल तर सांगा. भिंत आत्ताच रुंद करतो."

"जावईबापू, तुम्ही भिंत बघा. छपराचं मी बघतो."

बिचारा परतला. मांडवातल्या नमुन्याबरहुकूम त्यानं भिंती उठवल्या.

राजा आला. छप्पर चढलं, वाहवा झाली, रखमाजीची छाती फुगली. तेवढ्यात भिंतीला तडा गेला. टेकू द्यायला हैबती धावला आणि सगळा डोलारा त्याच्यावरच कोसळला.

राजानं निवाडा दिला, की भिंत ढासळली म्हणजे चूक गवंड्याची. रखमाजी खाली मान घालून उभा होता. मेलेल्या जावयावर बोल आला, तो त्यानं येऊ दिला.

रखमाजीची लेक, हैबतीची बायको, मात्र उठली. बापाच्या घरातून तिनं तो सागाचा नमुना आणला आणि सगळ्यांदेखत मांडवातल्या भिंतींवर ठेवला. पातळ फळ्या करकरल्या आणि आडव्या झाल्या.

"आबा, तुम्ही आधी एवढंच करायला हवं होतं," ती म्हणाली. पुन्हा तिनं माहेरचा उंबरा चढला नाही.

धर्मशाळा झालीच नाही. त्या हिवाळ्यातही वाटसरू घाटात गारठून मेले.

तात्पर्य: चारचौघांनी मिळून उभारायचं, ते चारचौघांपासून झाकून ठेवू नये.