चिकटपट्टीनं बांधलेला दट्ट्या

"पण बाई, यात माझी चूक काय?"

उत्कर्ष घोलपनं तिसऱ्यांदा विचारलं. गडी हुशार, पण आजवर त्याला कुणी चूक दाखवली नव्हती, हीच तर पंचाईत.

समोर बायोरिॲक्टर घरघरत होता. त्याच्या काचेच्या भांड्यात, कोमट पोषकद्रवात, नखाएवढी एक चकती. सांध्यात गादी असते ना, ती कूर्चा. तुळसा पाडवीच्या गुडघ्यातल्या पेशींपासून वाढवलेली. पोरगी खो-खो खेळायची, आता जिना चढताना रडते. आधीच्या चार चकत्या भिजल्या पावासारख्या विरल्या होत्या. ही शेवटची. पेशी संपल्या होत्या, आणि तिच्या गुडघ्यातून पुन्हा काढायला डॉक्टर तयार नव्हते.

"काय काय केलंस?" मुल्लाबाईंनी विचारलं. प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अडलं की सगळे बाईंनाच गाठतात.

"सगळं! तापमान हलू दिलं नाही. पोषण वेळच्या वेळी. धक्का म्हणून लागू दिला नाही."

"आणि हा दट्ट्या?"

चकतीवर दाब द्यायचा दट्ट्या त्यानं चिकटपट्टी लावून वरच अडकवून ठेवला होता.

"तो मीच पहिल्या चकतीपासून बंद ठेवलाय. एवढ्या नाजूक जिवाला कशाला त्रास? तळहाताच्या फोडासारखं जपलंय हो, बाई!"



चारच दिवसांपूर्वी बाईंच्या उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावा भरलेला. उजवा नुसती काठी.

"हा दोन महिने गळ्यात बांधून जपला."

घोलपनं वर अडकवलेल्या दट्ट्याकडे पाहिलं.

"पण दाबानं फाटली तर? तुळसाला काय सांगू मी?"

"फाटेलही."

"मग?"

"न दाबता काय होतं, ते चारदा बघितलंस की."

त्यानं चिकटपट्टी ओढून काढली. सगळ्यात कमी दाब लावला आणि बटण दाबलं.

दट्ट्या खाली आला. चकती दबली. दट्ट्या उठला, पुन्हा खाली आला...

घोलपचा हात आपसूक बंद करायच्या बटणाकडे सरकू लागला.

"घोलप," बाई म्हणाल्या, "हात खिशात घाल. दोन्ही."