चौदा जणांचा मॉरिशस

सांगलीच्या माईणकरांचं अख्खं खटलं, चौदा माणसं, मॉरिशसला निघालं होतं. थोरले भाऊजी दातांचे डॉक्टर. त्यांचा शब्द खाली पडू द्यायची घरात कुणाची छाती नव्हती. त्यांनी समुद्राकाठी स्वयंपाकघरासकट बंगला ठरवला आणि धाकट्या भावजयीच्या, हेमांगीच्या हातात यादी ठेवली: मोठा कुकर, पोळपाट-लाटणं, दहा किलो कणीक.

"घरच्या हाताची चव तिकडं मिळायची नाही," ते म्हणाले.

हेमांगीच्या डोळ्यांसमोरचा निळा समुद्र पिठानं पांढरा झाला. तरी तिनं मान डोलावली, यादीत थोडी भर घातली आणि कागद परत दिला.

भाऊजी मोठ्यानं वाचू लागले, "दात उपटायचा चिमटा, भुलीची इंजेक्शनं... रोज नऊ ते बारा आणि चार ते सात, घरातल्या सगळ्यांचे दात... हे काय गं?"

"घरच्या हाताची सर तिकडच्या डॉक्टरला कुठून येणार? आठवड्यात सगळ्यांचं होऊन जाईल."

"अगं, मी सुट्टीवर चाललोय!"

"हो का? आणि मी कुठं चाललेय, भाऊजी?"

सासूबाईंना हसू आवरेना. संध्याकाळी बंगला रद्द होऊन हॉटेल ठरलं. कुकर सांगलीतच राहिला, आणि चिमटाही.