शेपटीचं तेल

जंगलात दारोदार वस्तू विकल्या जात, त्या काळची गोष्ट. खारूताईने शेपटीला लावायचं तेल काढलं. ते लवकर खपलं नाही तर खवट होणार, म्हणून तिने पोपटाला दारोदार धाडलं.

पोपटाचं एकच वाक्य पाठ. "खास तुमच्या झुबकेदार शेपटीसाठी!"

बेडूकराव भडकले. "अरे, माझी शेपटी लहानपणीच गेली!"

त्या दिवशी थेंबही खपला नाही. दुसऱ्या दिवशी खारूताई स्वतः गेली.

"बेडूकराव, कसं चाललंय?"

"उन्हाने पाठ सुकते बघ."

"मग हे पाठीला लावून बघा."

संध्याकाळपर्यंत तळ्याकाठचे सगळे बेडूक तेल घेऊन गेले.

फांदीवरच्या पोपटाने सगळं ऐकलं होतं. "उन्हाने पाठ सुकते का हो?" असं घोकत तो उत्साहाने निघाला, आणि त्याने पहिली हाक मारली माशाला.