शिरवणखारची खांड

गाव संपतो तिथेच रस्ता संपतो आणि पुढे खाडी लागते. भरतीच्या वेळेला आलात तर पाण्याच्या मधोमध काळ्या चिखलाचा एक तुकडा तेवढा वर दिसतो. लांबीला तीन-चार झोपड्यांएवढा, आणि रुंदीला एवढाच की दोन माणसं जेमतेम शेजारून जातील. त्याच्या अलीकडे पाणी, पलीकडेही पाणीच. नवखा माणूस हमखास विचारतो, हा बांध इथे कशासाठी? अडवतो तरी काय हा? देवळाच्या ओट्यावरची म्हातारी माणसं लगेच उत्तर देत नाहीत. बसा म्हणतात, पाणी देतात, आणि मग सांगतात.

आज जिथे बगळे चिखलात चोची खुपसत फिरतात, तिथे एके काळी शिरवणखारची भातशेती होती. मूळ माणसांनी ही जमीन समुद्राकडून घेतली, असे सांगतात. ओहोटीला खाडीत उतरायचं, चिखलाच्या ढेपा कापायच्या, त्या डोक्यावरून वाहून रचायच्या. डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांध उभा राहिला तेव्हा काम सुरू करणाऱ्यांपैकी निम्मी माणसं राहिली नव्हती. पुढच्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुतलं आणि भात आलं. तेव्हा सगळा गाव बांधावर उभा राहिला, ओंजळीत खाडीचं पाणी घेतलं आणि शपथ झाली. ज्या घराची चूल या भातावर पेटेल, त्या घरातलं एक माणूस दर अमावास्येला आणि पुनवेला टोपली घेऊन बांधावर चिखल टाकायला येईल. शेतं ज्याची त्याची होती. बांध मात्र कोणा एकाचा नव्हता.

पुढे कितीतरी पिढ्यांनी राही या गावात सून म्हणून आली. तिचं माहेर डोंगरावरचं, समुद्र तिने पाहिलेला नव्हता. नवरा चांगा तिला बांधावर घेऊन गेला तेव्हा भरती होती. एका बाजूला खाली शेत, दुसऱ्या बाजूला वर काठोकाठ पाणी. शेतात उभं राहिलं तर ते पाणी माणसाच्या डोक्याच्या वर होतं.

"अहो, हे आपल्यापेक्षा उंच आहे की!" राही म्हणाली, आणि तिने त्याचा दंड धरला.

"आहे," चांगा म्हणाला. "म्हणून तर टोपली आहे."

त्या काळापर्यंत शपथ जुनी झाली होती. पहिल्यांदा गोमा पाटलाचं माणूस यायचं थांबलं, म्हणे. पाटलाचं शेत डोंगराच्या पायथ्याला, चढावर. बांध गेला तरी माझ्याकडे पाणी यायचं नाही, मग माझ्या गड्याने चिखल का वाहायचा, असं तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. मग इतरांनी पाटलाकडे बोट दाखवलं. कोणी स्वतः यायचा तो म्हाताऱ्या आईला पाठवू लागला. कोणी अर्धी टोपली आणू लागला. कोणी यायचं, बांधावर बसून पान लावायचं आणि हजेरी झाली म्हणून उठायचं. एका टोपलीने एवढा मोठा बांध थोडाच कमी-जास्त होतो? तेही खरंच होतं.

बांधाच्या बाहेर तिवरांची दाट झाडी होती, ती लाटेचा जोर मोडायची. तिवराचं सरपण चांगलं जळतं. आपण नाही तोडलं तर शेजारी तोडणारच, मग आपणच का मागे राहायचं, असं म्हणत झाडी विरळ झाली. बांधात खेकड्यांची बिळं होती. खेकडा काढायचा म्हणजे बीळ हाताने रुंद करावं लागतं, आणि नंतर ते बुजवायला कोणी थांबत नसे. राहीनेही खेकडे काढले, असे सांगतात. तिचीही चूल होती, तिलाही पाहुणे येत.

चांगा मात्र जायचा. त्याचं शेत बांधाला लागून होतं, त्याला न जाऊन चालणार नव्हतं. आधी आपल्या वाट्याची टोपली टाकायचा, मग शेजाऱ्याच्या, मग त्याच्या पुढच्याच्या. अमावास्या-पुनव उलटून गेली तरी तो बांधावरच दिसायचा. रात्री जेवताना तो ताटावरच पेंगायचा, तेव्हा राही चिडायची.

"गावाचा बांध तुम्ही एकट्यानेच का धरायचा? सोडा एक वर्ष. फुटला की येतील सगळे."

"फुटल्यावर येऊन काय करतील?" चांगा म्हणायचा.

आणि त्याच्यामुळेच, म्हणे, सगळं आणखी बिघडलं. कारण बांध टिकला. कोणी येत नव्हतं तरी पीक येत होतं. लोक एकमेकांना म्हणू लागले, बघा, उगाच आपले वाडवडील जीव काढत होते, काही होत नाही. चांगा वाहत असलेला चिखल कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. न फुटलेला बांध कोणाला दिसत नाही.

आषाढातली अमावास्या होती. लावणी नुकतीच उरकली होती, रोपांनी अजून मूळ धरलं नव्हतं. पाऊस लागून राहिला होता आणि वारा खाडीवरून आत येत होता. भरती दुपारची. सकाळीच चांगाला बांधाच्या आतल्या अंगाला पाण्याची धार दिसली, मनगटाएवढी. खेकड्याच्या बिळातून येत होती. त्याने चिखल दाबला, तशी ती शेजारून फुटली.

"राही, गावात जा," तो म्हणाला. "घरटी एक माणूस सांग. टोपली घेऊन. भरती चढायच्या आत आले तर काहीच नाही हे."

राही धावत सुटली. पहिलं घर बेंडूचं. बेंडू ओटीवर जाळं विणत बसला होता.

"बेंडूभावजी, बांधाला खांड पडतेय. टोपली घेऊन या."

"आलोच गं वहिनी. पुढच्यांना सांग तू, मी येतो त्यांच्याबरोबर."

पुढच्या घरात म्हणाले, बेंडू निघाला का? तो निघाला की आम्ही निघालोच. त्याच्या पुढच्या घरातली बाई म्हणाली, आमचे बाहेर गेलेत, पण एवढा गाव आहे की, आमच्या एका माणसाने काय अडतंय? कोणी तिला हाकललं नाही. कोणी नाही म्हणालं नाही. सगळ्यांनी येतो म्हटलं. दारोदार फिरताना राहीला वाटलं, आता गाव मागून येतच असेल. तिने एकदा मागे वळून पाहिलं. वाट रिकामी होती.

शेवटी ती पाटलाच्या अंगणात गेली. भिजलेल्या लुगड्यानिशी तिने पाय धरले.

"पाटीलबाबा, तुम्ही उठलात तर सगळे उठतील."

गोमा पाटील वाईट माणूस नव्हता. त्याने तिला उठवलं. "पोरी, माझं शेत तिथे नाही. ज्यांचं आहे ते आधी उठू देत. ते निघाले की मीही माणसं देतो, शब्द आहे माझा."

राही परतली तेव्हा धारेची खांड झाली होती, बांधात बैलगाडी जाईल एवढं भगदाड. चांगाने वासे रोवले होते, त्यांना घराचं दार आडवं लावलं होतं आणि दाराला पाठ देऊन तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. घराचं दार त्याने कधी काढून आणलं हे तिला कळलंही नाही.

"येतायत?" त्याने ओरडून विचारलं.

"येतायत," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार होती!

ती ढेपा कापून आणू लागली आणि दाराच्या बुडाशी रचू लागली. मग तिला दिसलं की माणसं खरंच आली आहेत. शेताच्या वरच्या कडेला, जिथे जमीन चढते तिथे, बरीच माणसं उभी होती. हातात टोपल्या होत्या. कोणीच पुढे पाहत नव्हतं, सगळी एकमेकांकडे पाहत होती. बांध हलत होता हे सगळ्यांना दिसत होतं. सगळे मिळून गेले तर बांध राहील, पण आपण पुढे गेलो आणि बाकीचे आले नाहीत तर? प्रत्येक जण पहिल्या माणसाची वाट पाहत होता. राहीने हाक मारली. वाऱ्याने ती त्यांच्यापर्यंत पोहोचवली, हे ती पुढे मरेपर्यंत सांगायची. त्यांनी ऐकलं होतं. बेंडूने एक पाय पुढे टाकला होता. शेजारी हलला नाही, म्हणून तो मागे घेतला.

भर दुपारी बांध गेला. दार गेलं, वासे गेले, चांगा गेला. राही तुटलेल्या टोकावर रिकामी टोपली धरून उभी होती आणि तिच्या पायाशी समुद्र शेतात उतरत होता.

चांगाचं शरीर मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी सगळा गाव बांधावर आला, एकही घर मागे राहिलं नाही. भगत पुढे होता. समुद्राला माणूस हवा होता तो त्याने घेतला, आता तो शांत झाला, असं त्याने सांगितलं. लोकांनी मान हलवली. एक गोल दगड आणला होता. शेंदूर होता, नारळ होते, घरटी तांदूळ निघाले होते. पाटलाने देऊळ बांधून द्यायचं कबूल केलं. चांगा आता गावाचा राखणदार झाला, तो बांध सांभाळेल, असं सगळे म्हणू लागले, आणि म्हणताना काहींना रडू आलं. ते रडणंही खोटं नव्हतं.

राही पुढे आली. तिने शेंदूर लावलेला दगड उचलला आणि खाडीत टाकला.

"त्याला देव करू नका," ती म्हणाली. "देव केलात की तुम्ही सुटलात. एवढे जण आलात, तर टोपल्या का नाही आणल्यात? आता भांग लागेल, भरत्या लहान होतील, पाणी उतरेल. पुनवेच्या उधाणापर्यंत दिवस आहेत. आजपासून लागलो तर खांड बुजेल. बुजवा, आणि मग त्याचं नावही घेऊ नका."

दुःखाने हिचं डोकं फिरलंय, असं कोणीतरी हळूच म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. बायकांनी तिला धरून घरी नेलं. त्या घराला दार नव्हतं.

भांगाचे दिवस आले आणि गेले. खांड उघडीच होती. बळी गेलाय, आता समुद्र यायचा नाही, असं लोक म्हणत होते. काहींना भीती वाटत होती, पण भीती वाटणाऱ्यांनाही वाटत होतं की आपल्यासारखं वाटणारे थोडेच असतील. पुनवेला समुद्र आला. खांडीच्या दोन्ही बाजूंनी बांध खात गेला, रोपं उपटली, विहिरीत शिरला. विहीर खारट झाली तशी चढावरच्या पाटलाच्या घरातही प्यायला पाणी उरलं नाही. जमीन परत मिळाली नाही. गाव डोंगराच्या कुशीत वर सरकला, आणि ज्यांची भातशेती होती ते दुसऱ्यांच्या मिठागरांवर कामाला जाऊ लागले.

राही वर गेली नाही. बांधाचा जो तुकडा उरला होता त्यावर तिने गवताची खोपी केली. रोज ओहोटीला ती उतरायची, ढेपा कापायची आणि त्या तुकड्याला लावायची. भरती त्या न्यायची, ती पुन्हा लावायची. कशासाठी करतेस, असं विचारायला गेलेल्यांना ती ओळखत नसल्यासारखी बघायची. म्हातारपणी तिचे डोळे गेले, तरी हाताने चाचपत ती चिखल थापत राहिली. ती कधी मेली ते कोणालाच माहीत नाही. एका पावसाळ्यानंतर लोकांनी पाहिलं तर खोपी नव्हती.

पाण्यातला तो तुकडा तिने थापलेला आहे, असे सांगतात. त्यावर ना दगड आहे ना शेंदूर.

आजही आषाढी अमावास्येच्या सकाळी गावातली सगळ्यात नवी सून दारोदार जाते आणि एवढंच म्हणते, खांड पडतेय, टोपली घेऊन या. त्या दिवशी कोणालाच शब्दाने उत्तर द्यायचं नसतं. येतो म्हणायचं नाही, कोण निघालं ते विचारायचं नाही. टोपली उचलायची आणि चालू लागायचं. शहरात नोकरीला असलेले रजा काढून येतात, एकही घर चुकत नाही. सगळे गुडघाभर पाण्यातून चालत जातात आणि जिथे खांड पडली होती तिथे एकामागून एक टोपली ओततात.

गेल्या वर्षी कोणा पाहुण्याने विचारलं, आता इथे वाचवायला काय उरलंय? याचा उपयोग काय? परत वळलेल्या एका म्हातारीने मोडू नये ती रीत मोडली आणि त्याला उत्तर दिलं.

"उपयोग होता तेव्हा नाय आलो, बाबा."

भरती चढते. माणसं गावच्या चढाला लागेपर्यंत त्यांनी टाकलेला चिखल समुद्रात निघून गेलेला असतो.