टिटवीचे बारा खडे

एका जंगलाच्या कडेला, ओढ्यावरच्या मातीच्या बंधाऱ्याखाली, एक तरुण टिटवी आपल्या आईजवळ राहत असे. आणि एका सकाळी तिने चोचीत उचललेला खडा खालून ओला निघाला.

मुलांनो, ओला खडा ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. पण उन्हाळा लागला होता, आभाळ कोरडे ठणठणीत होते, आणि त्याच जागचे खडे काल पांढरेफटक होते. टिटवीने तो खडा टाकला आणि दोन पावले मागे उडी मारली.

"आई, खडा ओला आहे!"

आई घरट्यात बसली होती. घरटे कसले, जमिनीतला एक खळगा, भोवती खडे आणि मधोमध चार ठिपकेदार अंडी. ती मानही न वळवता म्हणाली, "दंव असेल गं."

"दंव वरून पडतं, आई. हा खालून ओला आहे."

"काल बाभळीच्या शेंगेला तू साप म्हणालीस. परवा स्वतःच्या सावलीवर ओरडलीस. आता खडा! आज फॉर्मची शेवटची तारीख आहे, ते बघ आधी. काय ठरवलंयस?"

टिटवीने काहीच ठरवले नव्हते. त्याचे असे होते, की पलीकडच्या टेकडीवर म्हाताऱ्या सायाळबाईंची बांधकामाची शाळा होती. अंगभर काटे असलेल्या या बाईंनीच जंगलातले बंधारे बांधले होते, बिळांचे बोगदे खणले होते, ओढ्यावर लाकडे टाकून साकव उभारले होते. त्यांच्याकडे शिकून बाहेर पडणाऱ्याला सगळे जण इंजिनिअर म्हणत. फॉर्म अगदी सोपा होता. वडाच्या पानावर चिखलाच्या पायाचा ठसा उमटवायचा आणि सूर्य मावळायच्या आत ते पान बाईंच्या बिळाशी नेऊन ठेवायचे. टिटवीचे पान आठ दिवस घरट्याशेजारी एका दगडाखाली होते. रोज ती ते काढून बघे, पाय उचले, आणि पाय पुन्हा खाली ठेवी. पानावर नव्हे, शेजारी.

बाभळीवर कावळा होता. सल्ला द्यायला तो कधीच चुकत नसे.

"काय गं, इंजिनिअरिंगला जातेस म्हणे?" त्याने विचारले.

"अजून ठरलं नाही, काका."

"त्याला आता काही स्कोप राहिला नाही. जो तो तिकडंच जातोय. पण खरं सांगू? इंजिनिअरिंग सोडलं तर बाकी कशालाच स्कोप नाही!"

"म्हणजे जाऊ की नको?"

"ते तुझं तू बघ. मी आपला अनुभव सांगितला." कावळ्याने चोच फांदीला घासली. "पण टिटव्यांनी आजवर काय बांधलंय, सांग बरं? तुमचं घर म्हणजे चार खडे आणि वर आभाळ. शिवाय इंजिनिअरला छाती लागते. तुला तर वाऱ्याची झुळूक पुरते!"

टिटवीला हे अगदी पटले, आणि पटले म्हणून फारच वाईट वाटले. तिच्या मनात हेच तर आठ दिवस चालले होते. जिला शेंग साप वाटते, तिने बांधलेला साकव कोण ओलांडेल?

पण तो ओला खडा काही डोक्यातून जाईना. ती पुन्हा बंधाऱ्याच्या पायथ्याशी गेली. तिथल्या एका भोकातून नितळ पाणी झिरपत होते. आता शेजारचा खडाही ओला होता. ओरडायला तिने चोच उघडली, आणि मग तिला आईचा चेहरा आठवला. काहीतरी नक्की सांगता आले पाहिजे, नुसते ओरडून कोण ऐकणार? म्हणून तिने खडे गोळा केले आणि एकेका पावलावर एकेक असे मांडत गेली. पहिला बंधाऱ्याच्या पायथ्याशी. बारावा थेट आईच्या पोटाशी, अंड्यांना टेकून.

"हा काय खेळ?" आईने विचारले.

"मोजतेय."

"काय मोजतेयस?"

"मला वाटणारी भीती," टिटवी म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्याला दचकली.

ऊन बाभळीच्या शेंड्यावर होते तेव्हा दोन खडे भिजले होते. ऊन खोडावर उतरले तेव्हा चार. आता मात्र टिटवीला राहवेना. ती उडत मुंगसाकडे गेली. हे मुंगूस गेल्या वर्षी सायाळबाईंच्या शाळेत पहिले आले होते आणि ही गोष्ट भेटेल त्याला सांगत असे. आत्ता ते जांभळीखाली पोट वर करून पडले होते.

"दादा, बंधारा पाझरतोय."

"मातीचा बंधारा म्हटला की थोडा पाझरणारच. पहिल्याच धड्यात आहे ते. आधी ॲडमिशन घे, मग शिकव मला."

"पण पायथ्याशी एक भोक आहे."

"तिथं खेकड्याचं जुनं बीळ होतं. मीच बुजवलंय ते, पाला कोंबून. माझं काम आहे ते, कळलं? पहिला नंबर आलाय आपला!" आणि मुंगसाने कूस बदलली.

टिटवी परत आली. मुंगूस शिकलेले होते, ते म्हणते ते खरेच असेल, असे स्वतःला समजावत तिने त्या भोकाशी वाकून पाहिले. आणि तिच्या अंगावरचे पीस न् पीस उभे राहिले. सकाळी तिथून येणारे पाणी नितळ होते. आता ते गढूळ होते.

ती तिथेच एका पायावर उभी राहून विचार करू लागली. पाणी नितळ असेल, तर बंधाऱ्यातून नुसते पाणी येते आहे. पण गढूळ पाण्यात माती असते. ही माती आली कुठून? बंधाऱ्याच्याच पोटातून! म्हणजे पाणी आतली माती खात खात बाहेर येते आहे, भोक रुंदावते आहे, आणि रुंदावलेल्या भोकातून आणखी पाणी येणार आहे. बंधाऱ्यामागे सगळ्या जंगलाचे उन्हाळ्याचे पाणी होते. बंधाऱ्यापुढे आई होती, आणि चार अंडी. आईला पंख होते. अंड्यांना नव्हते.

"टिटीव्! टिटीव्! टिटीव्!" टिटवी ओरडत सुटली.

कुणीही हलले नाही. मोराने पिसारा सारखा केला. ससा तर जंगलातला सगळ्यात भित्रा, पण त्यानेही एकच कान हलवला आणि म्हणाला, "काही नाही, टिटवी आहे." कावळा फांदीवर लोळून हसला. "बघा, बघा! निघाल्या इंजिनिअर व्हायला!"

लाजेने टिटवीची मान खाली गेली. मग तिने खड्यांकडे पाहिले. सात भिजले होते. खड्यांना तिची लाज वाटत नव्हती. ते आपले भिजतच होते.

तिने दगडाखालचे वडाचे पान ओढून काढले, भोकाशी नेले, आणि पायाने तिथला चिखल ओरबाडून त्यावर घेतला. ते पान चोचीत धरून ती टेकडीकडे उडाली.

सायाळबाई रात्रभर काम करत आणि दिवसा झोपत. दिवसा त्यांना उठवायचे नाही, हा शाळेचा पहिला नियम होता. एकदा एका कोल्ह्याने त्यांना उठवले होते, तो नाकात तीन काटे घेऊन परत आला होता. टिटवीला हे सगळे ठाऊक होते. बिळाचे तोंड काळेकुट्ट दिसत होते. तिने पान खाली ठेवले.

"बाई!" ती ओरडली.

आतून घोरण्याचा आवाज आला.

"बाई! बंधाऱ्यातून पाणी येतंय!"

आत घोरणे चालूच राहिले. टिटवीने एक मोठा श्वास घेतला. या वेळी ती नुसती ओरडली नाही. भिजलेला एकेक खडा डोळ्यांपुढे आणून तिने एकेक शब्द नीट सांगितला.

"बाई! ऊन शेंड्यावर होतं तेव्हा दोन खडे. ऊन खोडावर आलं तेव्हा चार. आत्ता सात! एकेक खडा एकेका पावलावर. बाराव्याशी आईची अंडी आहेत. आणि पाणी आता गढूळ आहे!"

घोरणे थांबले.

आत काट्यांची सळसळ झाली. टिटवी दचकून तीन हात उंच उडाली. पण जिथून उडाली, तिथेच परत उतरली. बिळाच्या अंधारातून आधी एक मिशाळ नाक बाहेर आले, आणि मग एक जाडाभरडा, झोपाळलेला आवाज.

"गढूळ, म्हणालीस?"

"हो, बाई. हा बघा, तिथलाच चिखल."

नाकाने पान हुंगले. हुंगता हुंगता ते एका जागी थांबले. चिखलाच्या बाजूला, पानाच्या बरोबर मधोमध, तीन बोटांचा एक छोटासा ठसा उमटला होता.

"हा पाय कुणाचा?"

टिटवीने स्वतःच्या चिखलाने भरलेल्या पायाकडे पाहिले. "माझाच. घाईत पडला असेल. पुसू का?"

"ते तू सांगायचंस."

टिटवीला भीती वाटत होतीच. पण सकाळपासून ती तीच भीती घेऊन काम करत होती, आणि काम झाले होते.

"राहू दे, बाई."

"मग झालं तर," सायाळबाई काटे झटकत उन्हात आल्या आणि डोळे मिचकावू लागल्या. "पाच खडे उरलेत, म्हणजे अजून वेळ आहे. जाता जाता त्या मुंगसाला उठवू, चिकणमाती मळायला लागेल. चल, पुढं हो, इंजिनिअरबाई. मला दिवसा धड दिसत नाही!"

तात्पर्य : भीती वाटते म्हणून एखादे काम आपले नाही, असे ठरवू नये, भीती कशाची वाटते ते नीट पाहावे आणि मोजावे, कदाचित तेच आपले काम असेल.